सही केली की संपलं? सिनेमातल्या गाण्यांच्या मालकीची गोष्ट

कॉपीराइटचा विषय निघाला की आपली गाडी लगेच पायरसीवर जाते. बनावट कॅसेट, पेनड्राइव्हवरची हजार गाणी, टेलिग्रामवर फिरणारे सिनेमे. म्हणजे चोर बाहेरचा आणि घरातले सगळे सख्खे, असं काहीतरी चित्र. सिनेसंगीताचा इतिहास वाचत गेलो तेव्हा मला मात्र वेगळंच दिसलं. आपल्या गीतकार-संगीतकारांचा हक्क बहुतेक वेळा चोरीला गेलेला नाही. तो रीतसर, कायद्याने, सहीनिशी गेला. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

सुरुवात स्टुडिओच्या जमान्यापासून करू. 'प्रभात'मध्ये केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव यांच्यासारखे संगीतकार पगारावर होते. महिन्याचा पगार घ्यायचा, चाली करायच्या, चाली कंपनीच्या. तेव्हाचा कायदा इंग्रजांचा, आणि नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं, हे त्याचं सरळ तत्त्व. पगार वेळेवर मिळत होता, त्यामुळे फारसं कुणाला खुपलंही नसावं.

नावाचीही तीच गत. 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये बीज आणि झाडाचा दाखला देणारी एक रचना आहे. ती शांताराम आठवले यांची, पण इतकी जमून गेली की असंख्य लोक ती तुकोबांचाच अभंग समजले. कवी म्हणून यापेक्षा मोठी दाद नाही, पण हयात कवीचं नाव त्याच्याच शब्दांवरून पुसलं गेलं, हेही खरं. १९४९ च्या 'महल'मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! ज्या माणसाचं नावच रेकॉर्डवर नाही, तो वाटा कुठल्या तोंडाने मागणार?

पुढे स्टुडिओ मोडले. पगार गेला, आणि प्रत्येक सिनेमाचा स्वतंत्र ठराव सुरू झाला. एकरकमी पैसे घ्या आणि मोकळे व्हा. म्हणजे नोकरीची सुरक्षितता संपली, पण 'काम मालकाचं' हा नियम तसाच राहिला.

१९५७ चा कॉपीराइट कायदा स्वतंत्र भारताचा. त्याचं कलम १७ म्हणतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. वा! पण लगेच खाली अपवाद येतात. मोबदला देऊन सिनेमा करून घेतला असेल, किंवा काम नोकरीत केलं असेल, तर पहिला मालक करून घेणारा. आणि या अपवादांच्या आत एक छोटी अट: 'उलट करार नसेल तर'. या अटीवर पुढची पन्नास वर्षं गेली. कागदावर गीतकाराला उलट करार करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य होतं. प्रत्यक्षात दाराबाहेर दहाजण थांबलेले असताना असा करार मागणार कोण?

मागणारे होते, नाही असं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत उलट. गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला. सिनेमा पडला तर निर्माता आपल्याकडे पैसे परत मागतो का? यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. आज आपण लतादीदींच्या बाजूने असलो तरी रफीसाहेबांचा मुद्दा अप्रामाणिक नव्हता. जोखीम निर्माताच घेतो. प्रश्न इतकाच की सिनेमा थिएटरमधून उतरल्यावर गाणं पुढे चाळीस वर्षं रेडिओवर, हॉटेलात, लग्नात वाजत राहतं, त्यात निर्मात्याची कोणती जोखीम उरते?

हा प्रश्न मुळात भारतीय नाही. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत अर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार आणि त्याचे दोन संगीतकार मित्र बसले होते. तिथे त्यांचीच गाणी वाजत होती. बिल आलं तेव्हा त्यांनी पैसे द्यायला साफ नकार दिला. तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या पेयांचे देत नाही! प्रकरण कोर्टात गेलं, कॅफेवाला हरला. त्यातून १८५१ मध्ये 'सासेम' ही संस्था उभी राहिली. गाव-गल्लीतल्या प्रत्येक कॅफेकडून एकटा कवी वसुली करू शकत नाही, म्हणून सगळ्यांच्या वतीने संस्थेने करायची, ही कल्पना तिथून जगभर गेली.

आपल्याकडे अशी संस्था, आयपीआरएस, १९६९ साली स्थापन झाली. तिने दरपत्रक जाहीर केलं आणि निर्माते-थिएटरवाले खवळले. कॉपीराइट बोर्डाने संस्थेची बाजू घेतली, कलकत्ता उच्च न्यायालयाने निर्मात्यांची. मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. उलट करार नसेल आणि गाणं मोबदला देऊन सिनेमासाठी करून घेतलं असेल, तर पहिला मालक निर्माता. तीच अट, तोच अर्थ. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला वेगळी टिपणी जोडली. आपल्या देशात गाणं गाणाऱ्यामुळे जिवंत होतं आणि आपला कायदा गायकाला काहीच देत नाही, याची खंत त्यात आहे. संसदेने लक्ष घालावं असंही त्यांनी सुचवलं.

संसदेने लक्ष घातलं ते १९९४ मध्ये, सतरा वर्षांनी. कलाकारांना स्वतःचे हक्क मिळाले. आणि त्यातच एक पोटकलम असं की, कलाकाराने आपली कला सिनेमात वापरायला एकदा संमती दिली की हे हक्क लागू नाहीत. म्हणजे पार्श्वगायक पुन्हा दाराबाहेर. याला काय म्हणावं?

मग आली रिंगटोन आणि कॉलर ट्यून. १९६० च्या करारात मोबाइलचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी जुन्या गाण्यांच्या तुकड्यांवर पैसे मिळू लागले आणि ते हक्क धारण करणाऱ्या कंपन्यांकडे गेले.

२०१२ ची दुरुस्ती म्हणूनच महत्त्वाची. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू हिरीरीने मांडली, मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी मंजूर केली आणि २१ जूनपासून ती लागू झाली. गंमत बघा. हक्क आजही विकता येतो. फक्त गाणं थिएटरातल्या सिनेमाबाहेर कुठेही वापरलं तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा, आणि हा वाटा सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. इतर कुणाला सही करून दिला तरी ती सही निरर्थक. गायकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला.

माझ्या मते सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. हक्क पूर्णपणे विकता येतो तोवर गरजू माणूस तो विकणारच. त्यात त्याचा मूर्खपणा नाही, त्याचं घरभाडं आहे. किमान वेतनाचा कायदाही याच समजुतीवर उभा आहे.

मी स्वतः मालिकांसाठी लिहितो. एका शीर्षकगीताचा करार आला, चौदा पानं, इंग्रजीत. हक्क कुठे? 'संपूर्ण विश्वात'. कोणत्या माध्यमात? आज असलेल्या आणि पुढे कधी शोधल्या जातील त्या सगळ्या. मी विचारलं, मंगळावर वाजलं तरी? समोरचे गृहस्थ म्हणाले, "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे." पण त्याच चौदा पानांत रॉयल्टीचं एक कलम निमूटपणे बसलेलं होतं. ते त्यांच्या औदार्यामुळे नव्हतं, कायद्यामुळे होतं.

भांडण संपलेलं नाही. रेडिओ कंपन्यांनी गीतकार-संगीतकारांना वेगळे पैसे कशाला, असा वाद घातला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात द्यावे लागतील असं सांगितलं. २०१२ आधीच्या करारांचं काय, हा वकिलांच्या वादाचा विषय आहे. आणि आता एआयला जुनी गाणी शिकवायला दिली जातायत. त्याचे पैसे उद्या मिळालेच, तर ते रेकॉर्डचा साठा असलेल्या कंपनीला की चाल करणाऱ्याच्या वारसांना? तो कायदा लिहिला जाईल तेव्हा 'उलट करार नसेल तर' हे चार शब्द कुठे येतात, तेवढं नीट बघा.

आणि तुमच्या घरात कुणी लिहिणारं, चाली करणारं, गाणारं पोरगं असेल, तर त्याला ही पोस्ट पाठवा. सही करण्याआधी वाचेल.