सौरपंपाच्या पॅनेलची जोडणी

* सालेकसा तालुक्यात धानाच्या बांध्यांकडेला दिसणारा सौरपंपाचा निळा पत्रा दुरून एकसंध वाटतो, पण तो सुट्या पॅनेलचा असतो. प्रत्येक पॅनेलला अॅल्युमिनियमची चौकट असते. ती सांगाड्याला दोन प्रकारे बसवतात: चौकटीच्या भोकांतून बोल्ट घालून, किंवा वरून क्लॅम्पने दाबून. क्लॅम्पही दोन. मधला क्लॅम्प शेजारच्या दोन चौकटींच्या कडा एकदम धरतो, कडेचा फक्त शेवटच्या पॅनेलची. कडेच्या क्लॅम्पची उंची चौकटीच्या जाडीइतकीच हवी. पाच मिलिमीटरचा फरकही पकड बिघडवतो. बोल्ट सैल राहिला तर उन्हाळी वादळात पॅनेल उचलले जाते, अति आवळला तर चौकट वाकून काच तडकते. म्हणून कंपनीने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावे. चौकटीवरचा अॅनोडाइज्ड थर वीज वाहू देत नाही. त्यामुळे अर्थिंगसाठी तो थर भेदणारा दातेरी वॉशर किंवा वेगळी तार लागते. विजांच्या प्रदेशात ही बाब सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. शेतकऱ्यांनी मृगापूर्वी प्रत्येक बोल्ट तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा. – संपादक