पुलांवरील मुष्टियुद्ध, व्हेनिसमधील
व्हेनिसमध्ये कास्तेल्लानी (मुख्यत्वे गोदीकामगार) व निकोलोत्ती (मुख्यत्वे कोळी) या गटांत पुलाच्या ताब्यासाठी होणारी सामूहिक लढत [→ मुष्टियुद्ध]. आरंभी ती काठ्यांनी लढली जाई. फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीपुढे १५७४ मध्ये झालेली लढत काठ्यांचीच होती. सतराव्या शतकात मुठी रूढ झाल्या. पुलांना कठडे नसल्याने हरणारे कालव्यात पडत. सान बार्नाबाजवळच्या पुलावर झुंजणाऱ्यांसाठी कोरलेली पावले आजही आहेत. १७०५ च्या लढतीनंतर शासनाने बंदी घातली [→ व्हेनिस].

या लढतींच्या अभ्यासाची खरी भिस्त मूळ भाषेतील हस्तलिखित वृत्तांतांवर आहे. उदा., इटालियन शब्दकोशात ‘मोस्त्रा’ म्हणजे प्रदर्शन; या वृत्तांतांत मात्र तो शब्द दोघांच्या झुंजीसाठी येतो. केवळ भाषांतरावर विसंबल्यास हा भेद निसटतो. रॉबर्ट डेव्हिस यांचा १९९४ चा ग्रंथ अशाच समकालीन वृत्तांतावर आधारलेला आहे.