तबकडीपुढील रांग

इ. स. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाड्याबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला. त्या काळीं कचेरींतून जमिनीचा एखादा जुना कागद हवा असला, म्हणजे अर्जदाराचा वेळ चार ठिकाणीं जाई: दाराबाहेरच्या रांगेंत, कारकून मोकळा होईपर्यंत, रुमाल सोडून शोधण्यांत, नि शेवटीं नक्कल उतरण्यांत.

त्याच वर्षीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें यंत्र बाहेर काढलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एका आंसावर मिनिटास १२०० फेरे घेत. त्यांवर ५० लक्ष अक्षरें मावत. हवी ती तबकडी हातानें गांठून उत्तर मिळण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. कार्डांचे गठ्ठे चाळण्यापुढें हें अद्भुतच होतें. परंतु मागण्या वाढल्या कीं त्या हातापुढें रांग लागणार, हेंहि उघड होतें.

पुढें मेनफ्रेम संगणक अनेकांचीं कामें एकाच वेळीं करूं लागले, तेव्हां हा प्रश्न निकडीचा झाला. असल्या महाग यंत्रास माहितीसाठीं ताटकळत बसावें लागलें, तर नुकसान सर्वांचेंच. संशय प्रथम गणना करणाऱ्या भागावर जाई व अधिक मोठें यंत्र घ्यावेंसें वाटे. दोष मात्र पुष्कळदां तबकडीपुढच्या रांगेचा असे.

यास्तव मोजणी आली. आयबीएमच्या ‘रिसोर्स मेजरमेंट फॅसिलिटी’ ह्या कार्यक्रमाच्या अहवालांत उत्तरास लागणारा वेळ कचेरींतल्याप्रमाणेंच चार भागांत मांडतात: तबकडी गुंतलेली म्हणून बाहेर थांबणें, वाट मोकळी होण्याची प्रतीक्षा, माहितीचा शोध, नि प्रत्यक्ष देवघेव. मिनिटास ३६०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा हाताखालीं यावी नि नेमकी त्याच क्षणीं वाट व्यापलेली असावी, तर एक संपूर्ण फेरा, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, फुकट जाई. निदानाप्रमाणें उपायहि निराळा. बाहेर गर्दी असेल तर माहिती अनेक तबकड्यांवर वांटावी. वाट अडत असेल तर वाटा वाढवाव्या. शोध लांबत असेल तर नित्य लागणारी माहिती वेगवान स्मृतींत ठेवावी.

आज मेनफ्रेमच्या केंद्रांतून फिरत्या तबकड्यांची जागा बव्हंशीं स्थिर स्मृतीनें घेतली आहे. अहवालांतील चार रकाने मात्र टिकून आहेत. धाराशिवचे सातबारेहि आतां संगणकांत गेले आहेत. दप्तर बस्त्यांत असो वा यंत्रांत, मागणारा कोठें नि किती तिष्ठतो, हें मोजल्यावांचून त्याचा कारभार सुधारत नाहीं.