वळर्पिऱै षष्ठी : एका तिथीचा पूर्वेतिहास

तमिळ भाषेत चांद्रमासाच्या दोन पक्षांना स्वतःची नावे आहेत. शुक्ल पक्ष तो 'वळर्पिऱै' आणि कृष्ण पक्ष तो 'तेय्पिऱै'. 'पिऱै' म्हणजे चंद्रकोर. 'वळर्' हा वाढण्याचा धातू, 'तेय्' हा झिजण्याचा. काळाचा कोणताही प्रत्यय न लावता धातू सरळ नामाला जोडावयाचा, या समासाला तमिळ वैयाकरण 'विनैत्तोगै' म्हणतात. वाढलेली, वाढती आणि वाढणारी हे तिन्ही अर्थ त्यात एकदम सामावतात. या वळर्पिऱैतील सहावा दिवस दर महिन्यास मुरुगनच्या उपासनेचा मानला जातो. काही जण त्या दिवशी निराहार राहतात, काही एकभुक्त, काही दूध-फळांवर. सायंकाळी मुरुगनचे दर्शन घेऊन मग उपवास सोडतात. परंतु पक्षाचे नाव देशी असले तरी तिथीचे नाव 'षष्ठी' हे संस्कृतच आहे. हा जोड केवळ शब्दांचा नव्हे. दोन निरनिराळ्या उपासना एकत्र आल्याची खूण त्यात राहिली आहे.

मुरुगनचे तमिळ देशातील इतर मोठे उत्सव पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तैप्पूसम्, पंगुनि उत्तिरम्, वैगासि विसागम् ही सर्व नावे सौर महिना आणि नक्षत्र यांच्या जोडीने बनलेली आहेत. तिथीला तेथे नाममात्रही स्थान नाही. ही नक्षत्रनामेही मूळ संस्कृतच, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. पण नक्षत्रावरून सण धरण्याची रीत तमिळ वाङ्मयात फार जुनी आहे. संघवाङ्मयातील 'अकनानूऱु' या संग्रहात चंद्र कृत्तिकांशी युक्त असता दीप लावण्याच्या उत्सवाचे वर्णन येते, आणि कृत्तिकांना तेथे 'सहा तारा' असे शुद्ध तमिळ नाव आहे. तोल्काप्पियम् मध्ये डोंगराळ 'कुऱिंजि' प्रदेशाचा देव म्हणून आलेला 'सेयोन्', म्हणजे तांबडा देव, हा मुरुगनच. 'तिरुमुरुगाट्रुप्पडै' या काव्यात त्याच्या पुजाऱ्याने, वेलनाने, मांडलेल्या पूजेत कोंबड्याचा ध्वज आहे, बोकडाच्या रक्ताने माखलेला तांदूळ आहे आणि उन्माद आणणारे नृत्य आहे. त्याच काव्यात सहा मुखांचा आणि सहा मातांचा संस्कृत पुराणांतील देवही आहे. म्हणजे संगम तेव्हाच झाला होता. 'सहा' ही संख्या मुरुगनकडे आली ती कृत्तिकांच्या आणि मुखांच्या वाटेने. तिथीची वाट निराळी दिसते.

ती वाट शोधण्यासाठी उत्तरेकडे जावे लागते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाचा विवाह देवसेनेशी होतो, आणि हिलाच ब्राह्मण षष्ठी, लक्ष्मी इत्यादी नावांनी ओळखतात असे तेथे सांगितले आहे. ज्या तिथीस स्कंद कृतार्थ झाला ती षष्ठी म्हणून महातिथी, अशी उपपत्तीही तेथेच दिली आहे. त्याच आख्यानात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडा देणारे ग्रह आणि मातृका स्कंदाच्या परिवारात येतात. इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील यौधेय गणाच्या काही नाण्यांवर एका बाजूस षण्मुख कार्तिकेय आणि दुसऱ्या बाजूस सहा मुखांचीच देवी आढळते. तिला बहुतेक संशोधक षष्ठी किंवा देवसेना म्हणतात. म्हणजे षष्ठी ही प्रथम बालकांच्या जन्ममरणावर सत्ता चालविणारी देवता, आणि तिथी हे तिचे अंग. स्कंदाला तिथी मिळाली ती तिच्या नात्याने. संकल्पना उलटी मांडून 'देव सहा मुखांचा म्हणून सहावी तिथी त्याची' असे म्हणणे सोपे आहे, परंतु मग त्या तिथीला चिकटलेल्या अपत्यकामनेचा उलगडा होत नाही.

दक्षिणेत हा उलगडा एका म्हणीत सापडतो. 'सट्टीत असेल तर अगप्पैत येईल' या अर्थाची म्हण तमिळ भाषेत सर्वतोमुखी आहे. 'सट्टी' म्हणजे मडके आणि 'अगप्पै' म्हणजे डाव. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, या मराठी म्हणीचाच हा स्वयंपाकघरातील अवतार होय. पण तमिळ लिपीत मूळचा मूर्धन्य 'ष' नाही; तद्भव रूपात 'षष्ठी'चे 'सट्टी' होते, आणि ते मडक्याच्या द्राविडी शब्दाशी तंतोतंत जुळते. 'अगम्' म्हणजे आत आणि 'पै' म्हणजे पिशवी, असा विग्रह केला की 'अगप्पै'चा अर्थ गर्भाशय होतो. मग म्हण अशी वाचली जाते : षष्ठीस व्रत केले तर कूस उजवेल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मडक्याचा अर्थच सरळ आणि मूळचा मानला पाहिजे; दुसरा श्लेषाने नंतर बसविलेला आहे. तरीही तो निरर्थक नव्हे. मूल होत नाही म्हणून घरी आणि बाहेर बोल ऐकणाऱ्या स्त्रीने दर महिन्यास हा उपवास धरावा, हा लोकाचार डोळ्यांसमोर नसता तर असा श्लेष कोणाला सुचला नसता आणि सुचला तरी टिकला नसता. देवी विस्मृत झाली, पण तिच्याकडे मागावयाचे मागणे तिच्या तिथीने जपून ठेवले.

देवी विस्मृत झाली याचा पुरावा देवसेनेच्या नावातच आहे. तमिळ भाषेत ती 'देय्वयानै' झाली. 'यानै' म्हणजे हत्ती. म्हणून इंद्राच्या ऐरावताने तिला वाढविले अशी कथा रूढ झाली. नाव अपारदर्शक झाले की कथा त्याला नवा अर्थ पुरविते, त्याचा हा सुरेख नमुना आहे. 'आऱुपडै वीडु', म्हणजे मुरुगनच्या सहा छावण्या, याविषयीही असेच म्हटले जाते. मूळ शब्द 'आट्रुप्पडै' असून त्याचा अर्थ वाट दाखविणारे काव्य. त्यात वर्णिलेली स्थाने ती 'आट्रुप्पडै वीडु', आणि 'आऱु' म्हणजे सहा या शब्दाच्या ओढीने पुढे त्यांच्या सहा छावण्या झाल्या. त्या काव्यात 'कुन्ऱुतोराडल्' हे एका गावाचे नाव नाही, 'प्रत्येक टेकडीवरील क्रीडा' एवढाच त्याचा अर्थ आहे, हे लक्षात घेतले तर या मताला बळ येते.

मासिक षष्ठी घरातील. वार्षिक षष्ठी रणांगणावरील. ऐप्पसी महिन्यात, दीपावलीच्या अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून सहा दिवस कंदषष्ठीचे व्रत चालते. तिरुच्चेंदूर येथे समुद्रकिनाऱ्यावर सहाव्या दिवशी सायंकाळी 'सूरसंहारम्' होतो. असुराच्या प्रतिमेला हत्तीचे, सिंहाचे, मग खुद्द सूरपद्माचे अशी शिरे पालटून बसवितात आणि मुरुगनचा वेल, म्हणजे भाला, ती एकेक खाली आणतो. कांचीपुरमच्या कच्चियप्प शिवाचार्यांच्या 'कंदपुराणम्' या दहा हजारांहून अधिक पद्यांच्या ग्रंथाने या कथेला तिचे रूढ रूप दिले. त्यांचा काळ विवाद्य आहे. सूरपद्म तेथे मरत नाही. आंब्याचे झाड होऊन उभा राहिलेला तो असुर वेलाने दुभंगतो, आणि एका भागाचा मोर, दुसऱ्याचा कोंबडा होऊन देवाचे वाहन व ध्वज बनतो. याच ग्रंथात शुक्रवार, कृत्तिका नक्षत्र आणि षष्ठी अशी वार, नक्षत्र व तिथी यांवरील तीन व्रते एकत्र सांगितली आहेत. वर दाखविलेल्या दोन वाटा येथे शास्त्रतः एक झाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात देवराय स्वामींनी रचलेले 'कंदर षष्ठी कवसम्' घरोघरी पोहोचले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूलमंगलम् भगिनींच्या ध्वनिमुद्रणाने ते आणखी दूर गेले. अवयवाअवयवाचे रक्षण मागणारे हे स्तोत्र युद्धदेवाला उद्देशून आहे खरे, पण त्यातील चिंता रोग, भूतबाधा आणि घरच्या माणसांची आहे.

सौर महिना आणि चांद्र तिथी यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. 2020 साली सूरसंहाराची षष्ठी 20 नोव्हेंबरला आली आणि तोवर तमिळ कार्त्तिगै महिना लागूनही गेला होता. ऐप्पसीचे व्रत त्या वर्षी नावापुरतेच ऐप्पसीचे राहिले. निबंधकारांनी स्कंदषष्ठी पंचमीयुक्त घ्यावी असे सांगून तिला कृष्णाष्टमी आणि शिवरात्रीच्या पंक्तीस बसविले आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर याच षष्ठीचे तुकडे वेगळ्या रीतीने विखुरलेले आढळतात. येथे देवी टिकली. 'षष्ठी'पासून आलेली 'सटी', 'सटवी', 'सटवाई' अजून बाळाच्या कपाळी लेख लिहावयास येते. स्कंद मात्र तिच्यापासून तुटला. तो येथे ब्रह्मचारी आहे, कार्तिकी पौर्णिमा आणि कृत्तिका यांचा योग सोडला तर स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा रिवाज आहे. ज्या देवाकडे तमिळ स्त्री षष्ठीस मूल मागते, त्याच्यापासून मराठी स्त्रीला दूर ठेवले गेले, ही विसंगती सामान्य नव्हे. सहा दिवसांचे व्रत आणि शेवटी असुरवध हा साचा मात्र खंडोबाकडे गेला. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, म्हणजे कंदषष्ठीनंतर बरोबर एका चांद्रमासाने, मणिमल्लांच्या वधाचा उत्सव होतो, आणि मणीलाही सूरपद्माप्रमाणे देवापाशी जागा मिळते. म्हाळसा-बाणाई आणि देवसेना-वळ्ळी या जोड्यांतील साम्य सोन्थायमर आदींनी दाखविलेच आहे. भरीत-रोडग्याच्या नैवेद्यामुळे ज्या दिवसाला खेडोपाडी 'वांगेसट' म्हणतात, त्याच दिवशी दक्षिण कर्नाटकात कुक्के येथे सुब्रह्मण्याचा रथ ओढला जातो.