कतारची भूमी आणि गोडे पाणी

अरबी द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यापासून पर्शियन आखातात उत्तरेकडे सुमारे १६० किलोमीटर शिरलेल्या कतारच्या सखल, चुनखडीच्या भूमीत एकही नदी नाही. पाऊस वर्षाकाठी सरासरी ८० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सर्वांत उंच टेकडीही समुद्रसपाटीपासून जेमतेम १०३ मीटर आहे. या देशाची ओळख आज तेल आणि वायू अशी सांगितली जाते. परंतु माणसे कोठे राहणार हे तेथे शतकानुशतके गोड्या पाण्याने ठरवले, आणि त्या पाण्याची वाटणी खडकाने केलेली होती. उत्तर भागात खडकातील जिप्सम, म्हणजे पाण्यात विरघळणारे एक खनिज, भूजलाबरोबर वाहून गेल्याने वरचे थर खचले व उथळ खोलगट जागा तयार झाल्या. तेथील लोक त्यांना ‘रौदा’ म्हणतात. पावसाचे पाणी व बारीक माती रौद्यांत साठते, त्यामुळे तेथे चारा उगवतो आणि झिरपलेले पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहते. दक्षिणेत जिप्सम टिकून असल्याने भूजल मचूळ आहे. शिवाय आग्नेयेस वाळूच्या टेकड्या आणि किनाऱ्यालगत ‘सबखा’, म्हणजे मीठ साचलेली ओसाड सपाटी, पसरलेली आहे.

अठराव्या शतकात भरभराटीला आलेले झुबारा हे बंदर वायव्य किनाऱ्यावर वसले, तरी त्याला पाणी शहरामागच्या मुरैर किल्ल्याजवळील विहिरींतून आणावे लागे. १८११ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या या बंदराचे, तसेच इतर किनारी वस्त्यांचे, पोट मोत्यांवर चाले. उन्हाळ्यात पाणबुडे पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून तळाशी उतरत आणि शिंपले गोळा करीत. मात्र हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडता फेडता त्यांतील अनेक जण तांडेलाचे कायमचे ऋणको होत, आणि या वैभवाची खरी किंमत त्यांनीच मोजली. आखातातील मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती: तेथे ते निवडले जात, त्यांना वेज पाडले जाई व ते युरोपला रवाना होत, तर परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड आणि लाकूड येई. जपानचे संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी ही पेठ बसवली. दुखान येथे १९३८ मध्ये सुरू झालेल्या विहिरीला तेल लागले खरे, पण महायुद्धामुळे विहिरी बुजवल्या गेल्या आणि निर्यात १९४९ च्या अखेरीस सुरू झाली. मधल्या उपासमारीच्या काळात अनेक कुटुंबे देश सोडून गेली.

स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९७१ मध्ये, उत्तरेकडील समुद्रतळाखाली सापडलेले नॉर्थ फील्ड हे वायुक्षेत्र कतारच्या हद्दीत सुमारे ६,००० चौरस किलोमीटर पसरले असून, इराणच्या हद्दीतील भागासह ते जगातील सर्वांत मोठे मानले जाते. द्रवरूप केलेला त्याचा वायू २००४ पासून गुजरातमधील दहेजलाही येतो. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांनी वस्तीला विहिरींच्या बंधनातून सोडवले आणि लोकसंख्या पूर्व किनाऱ्यावरील दोहाभोवती एकवटली. उत्तरेतील भूजल मात्र यंत्रांनी शेतीसाठी उपसले जाऊ लागले; पावसाने जेवढे भरते त्याहून अधिक पाणी काढल्यामुळे गोडा थर पातळ होत गेला, खालचे व समुद्राचे खारे पाणी त्यात शिरले, आणि ज्या विहिरींभोवती जुनी गावे वसली होती त्यांच्या परिसरातील कित्येक शेते क्षारांमुळे सोडून द्यावी लागली.