ज्याने पाहिला तो वेडा

बऱ्हाणपुरात वाढलेल्या कुठल्याही मराठी मुलाला असीरगड माहीत असतो आणि गडावर अश्वत्थामा राहतो हेही माहीत असतं. मीही ते ऐकतच मोठा झालो. पण मास्तर म्हणून धूलकोटच्या शाळेत रुजू झाल्यावर लक्षात आलं, की गोष्टीपेक्षा ती सांगणारा माणूस जास्त लक्ष देऊन ऐकावा.

गोष्ट सगळीकडे सारखीच. गडावरच्या गुप्तेश्वर महादेवाच्या देवळात पहाटे सगळ्यांच्या आधी कुणीतरी पूजा करून जातं. पिंडीवर ताजं फूल असतं. तो द्रोणपुत्र. कधी रानात आडवा येतो. अंगाने धिप्पाड, कपाळावर न भरणारी जखम, आणि तिला लावायला तेल-हळद मागतो. ज्याने त्याला पाहिलं तो वेडा होतो.

हे शेवटचं वाक्य सांगणारे घाईत उरकतात, पण खरी करामत तिथेच आहे. शहाणा माणूस म्हणाला ‘मी पाहिला’, तर तो शहाणा कसा राहिला? वेडा म्हणाला ‘मी पाहिला’, तर वेड्याचं कोण मनावर घेतं? साक्षीदारच शिल्लक राहत नाही. त्यामुळे गोष्ट खरीही ठरत नाही नि खोटीही पडत नाही. इतकी पक्की तजवीज एखाद्या कसलेल्या वकिलालाही जमायची नाही.

धूलकोटचा मुलूख सातपुड्याचा. बारेला, भिलाला, कोरकू यांची वस्ती, रानडुकरांपासून पीक राखायला शेतात बांधलेले माळे, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाचा सडा. तिथे भुताची गोष्ट सांगणाऱ्याची एक रीत होती. पाहणारा नेहमी दुसराच: मावशीच्या गावचा, मेहुण्याचा चुलता, आता हयात नसलेला. आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचं, की त्या रात्री त्याच्या अंगात ताप होता, किंवा तो राखणीला लागोपाठ जागला होता, किंवा मोहाची जरा जास्तच झाली होती. मग थोडं थांबून, ‘आता तापाचं म्हणा की बाहेरचं म्हणा, माटसाब!’ बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, न्यायचं की दवाखान्यात, याचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवलेला. घरची मंडळी बहुधा दोन्हीकडे नेत.

असीरगडाला दोन तोंडांनी बोलायची सवय जुनी आहे. गड आशा अहिराने बांधला आणि फारुकी घराण्याच्या नासिर खानाने डोल्यांत बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई पाठवून तो घेतला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे अकबराने वेढा घातला आणि जानेवारी 1601 मध्ये गड त्याच्या हाती आला. कसा आला? दरबारी लेखक सांगतात की आत भयंकर रोगराई पसरली. जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत निराळंच: किल्लेदारांना पैसा चारला, गडातल्या फारुकी राजाला, बहादूर खानाला, शपथेवर बाहेर बोलावून अडकवून ठेवलं. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने पाद्र्यांवर विश्वास ठेवला, इतरांनी त्याला खोडून काढलं. एका बाजूला बादशहाच्या पदरचा माणूस, दुसऱ्या बाजूला आपला धर्म पसरवायला आलेला. कोण कुठे उभा राहून सांगतोय हे पाहिल्याशिवाय इथलं काहीच वाचता येत नाही.

त्या रोगराईच्या वर्णनात एक तपशील मला सोडवत नाही. मोगलांच्या बाजूचा फैजी सरहिंदी लिहितो, की गडातल्या लोकांचे कमरेखाली पाय लुळे पडू लागले आणि डोळ्यांची नजर कमी झाली. महिनोन् महिने कोंडलेली, पाय गेलेली, धड दिसेनासं झालेली माणसं! त्यांनी रात्री तटावर काय काय पाहिलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. अश्वत्थाम्याची दंतकथा तिथून आली असं मी म्हणत नाही, तसा काही आधार नाही. पुढे 1819 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी किल्लेदार जसवंतराव लाडाकडून गड घेतला, छावणी ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती काढून घेतली. गड ओस पडला. भुताला वस्ती सोडून गेलेल्या माणसांइतकी दुसरी मदत कुणाची होत नाही.

आता मूळ कथेकडे वळू. सौप्तिक पर्व नीट वाचलं तर भूत पाहणारा पहिला माणूस स्वतः अश्वत्थामा आहे. बाप मारला गेलाय, मित्र दुर्योधन मरणाच्या दारात, रात्र झालीय आणि सोबतचे दोघे झोपले तरी याचा डोळा लागत नाही. वडाच्या झाडावर एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसतं आणि झोपलेल्या शत्रूंना मारायची कल्पना तिथे सुचते. पांडवांच्या शिबिराच्या दाराशी त्याला एक अक्राळविक्राळ आकृती आडवी येते. याची सगळी अस्त्रं ती गिळून टाकते. मग तो शंकराला शरण जातो. न झोपलेला, सूडाने पेटलेला माणूस आणि समोर उभं राहिलेलं काहीतरी! व्यास त्याला खोटं पाडत नाहीत, पण त्याच्या मनाची अवस्था आधी पुरेपूर सांगून ठेवतात. माझे गावकरीही तापाची गोष्ट आधीच सांगत.

आणि हे सगळं धृतराष्ट्राला सांगतोय तो संजय. त्याच पर्वात, दुर्योधन मेल्यावर, संजय म्हणतो की ऋषीने दिलेली दिव्यदृष्टी आता गेली. ही रात्र संपते तिथेच निवेदकाची नजर संपते.

कृष्णाचा शाप तर याहून नेमका आहे. तीन हजार वर्षं एकट्याने भटकशील, रक्तापुवाच्या दुर्गंधीने भरलेला असशील, आणि कुणाशीही तुझा संवाद होणार नाही. युद्धाचा काळ परंपरेच्या हिशेबाने धरला तर ही मुदत केव्हाच टळली, पण लोकांनी ती कलियुगाच्या अंतापर्यंत वाढवून दिली. मुदतीचं सोडा. संवाद होणार नाही असा शाप असताना तो तेल-हळद मागतो कशी? मला वाटतं, लोककथेतलं वेड इथे कामाला येतं. त्याने मागितलं, समोरच्याने ऐकलं, आणि समोरच्याची बुद्धीच गेली. म्हणजे बोलणं झालं नि झालंही नाही. शाप शाबूत राहिला. हे कुण्या पंडिताने बसवलं नसणार, सांगता सांगता बसत गेलं असणार.

पण सगळेच वेडे होत नाहीत, आणि इथे मला थोडा राग येतो. टेंबे स्वामींच्या चरित्रात सांगतात, की नर्मदाकाठी शूलपाणीच्या झाडीत त्यांची वाट चुकली तेव्हा एका अनोळखी पुरुषाने त्यांना वाट दाखवली, आणि विचारल्यावर आपण अश्वत्थामा असल्याचं सांगितलं. मराठी परिक्रमावासींच्या लिखाणातही त्याच्या भेटी आढळतात. ती मंडळी घरी परतून पुस्तकं लिहितात. तीच भेट सातपुड्यातल्या गुराख्याला झाली की त्याला खुळा ठरवून गोठ्यात बांधायचं! संन्याशाला तो वाटाड्या, गुराख्याला तो वेड. पाहणाऱ्याची मनःस्थिती कशी होती हे ठरवताना त्याची पायरी आधी पाहिली जाते.

पुस्तकातल्या भूतकथेला ही युक्ती उशिरा सापडली. मोपासाँची ‘ल ओर्ला’ 1887 ची, डायरी लिहिणारा हळूहळू भरकटत जातो. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (1898) भुतं मुलांच्या शिक्षिकेला दिसतात आणि ती खरी की तिच्या मनातली यावर समीक्षक एडमंड विल्सनपासून वाद चालू आहे. मला जवळचा वाटतो तो रवींद्रनाथांचा ‘क्षुधित पाषाण’ (1895). अहमदाबादेत भावाकडे राहिले त्या शाहीबागेच्या वाड्यावरून त्यांना तो सुचला, आणि तो वाडाही शहाजहानचा, ज्याची मुमताज 1631 मध्ये आमच्या बऱ्हाणपुरात गेली. कथेतला कापसाचा कर वसूल करणारा अधिकारी दिवसा कचेरीत शहाणा, रात्री वाड्यात झपाटलेला. त्याला रोज सावध करतो तो पहाटे वाड्याभोवती ओरडत फिरणारा वेडा मेहेर अली. शिवाय सगळी हकिकत आगगाडीची वाट पाहताना कुणा प्रवाशाने सांगितलेली, आणि ऐन रहस्याला गाडी येते. गुलजारांनी त्यावर ‘लेकिन’ काढला, निर्मिती लता मंगेशकरांची. असीरगडच्या कथेत मेहेर अली आणि तो अधिकारी एकच माणूस आहे, एवढाच फरक.

मराठीत भयकथा लिहिणारे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी दोघेही आम्ही फाटेस्तोवर वाचले. धारपांकडे भूत बहुधा असतंच, आणि त्याचा बंदोबस्त करणारा जाणताही असतो. मतकरींकडे मात्र शेवटच्या पानापर्यंत आपण कुणाच्या डोक्यात बसलोय हे कळत नाही. धूलकोटच्या ओट्यावर मतकरी जास्त जवळचे वाटत. (गंमत म्हणजे देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना बऱ्हाणपूरजवळच्या आमच्याच नेपानगरचा, इथल्याच सलई-बांबूच्या लगद्यावर चाललेला. म्हणजे छापील भुतांचा कच्चा माल आम्ही पुरवत होतो.)

अलीकडे गडावर कॅमेरे घेऊन लोक रात्र काढतात. देवळासमोर यंत्र मांडतात, कुजबुजत बोलतात, पहाटे फुलावर उजेड मारतात. आमच्या जुन्या शाळेतली पोरंसुद्धा ते मोबाइलवर बघतात. पण कॅमेऱ्याला ताप येत नाही, मोह चढत नाही, राखणीच्या जागरणाने त्याचे डोळे जड होत नाहीत. दिसलं तरी तो वेडा होणार नाही आणि दिसलं नाही तरी त्याला फरक पडत नाही. मग रात्रभराचं चित्रण पाहून झाल्यावर तीच पोरं विचारतात, ‘माटसाब, पण कॅमेरा धरणाऱ्याचं पुढे काय झालं?’