राजवाड्यातला पियानो

एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात उंची पियानो दिसला की आमच्या मनात हटकून प्रश्न येतो : हे वाद्य खरे कोणाचे? ज्याने मोल मोजले त्याचे, की ज्याच्या बोटांनी ते बोलते त्याचे? पियानोच्या जन्मकथेकडे वळलो, तर या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील राजपुत्र फेर्दिनांदो हा संगीताचा मोठा भोक्ता. १६८८ साली त्याने पादुआचा कारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याला पदरी ठेवले. तत्कालीन हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या टोकाने तार छेडली जाई. पट्टी हलके दाबा वा जोराने, आवाज जवळजवळ सारखाच निघे. क्रिस्तोफोरीने तारेवर आघात करून तत्क्षणी मागे फिरणारी हातोडी योजिली. मंद म्हणजे ‘पियानो’ व जोरकस म्हणजे ‘फोर्ते’, असे दोन्ही स्वर काढणाऱ्या या वाद्याची नोंद मेदिची संग्रहाच्या १७०० सालच्या यादीत आढळते. धनिकाच्या आश्रयावाचून एवढा प्रयोग क्वचितच साधला असता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

नव्या वाद्याची कीर्ती लिस्बनच्या राजघराण्यापर्यंत पोचली. ज्याच्या कारकिर्दीत, १७३९ साली, वसई मराठ्यांच्या हाती गेली, तोच हा पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव. खास पियानोसाठी छापलेल्या पहिल्या रचना, जुस्तिनीचे १२ सोनाटा, १७३२ साली त्याच्या भावाला, दों आंतोनिओला, अर्पण झाल्या. राजकन्या मारिया बार्बरा ही स्कार्लात्तीची शिष्या; पुढे ती स्पेनची राणी झाली. १७५८ मध्ये ती निवर्तली, तेव्हा केलेल्या यादीत पट्ट्यांची १२ वाद्ये होती. त्यांतील पाच मुळात फ्लॉरेन्सचे पियानो. परंतु त्यांपैकी दोहोंचे रूपांतर हार्पसिकॉर्डमध्ये केलेले होते! मालकी अबाधित राहिली, पियानो मात्र उरला नाही.

मग पियानो जगभर पसरला कसा? १७११ साली शिपिओने माफ्फेई या विद्वानाने एका इटालियन नियतकालिकात हातोडीची रचना आकृतीसह प्रसिद्ध केली. १७२५ साली त्या लेखाचे जर्मन भाषांतर छापले गेले. पुढच्याच दशकात जर्मन कारागीर गॉटफ्रीड सिल्बरमान क्रिस्तोफोरीच्याच पद्धतीचे पियानो घडवू लागला. राजवाड्याने वाद्याला जन्म दिला. त्याचा वंश वाढला तो ज्ञान वाटून घेतल्यामुळे.

जमिनीत नाणे पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपणांस ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामांतही एखाद्या घरी, एखाद्या गायकवृंदाच्या कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेले वाद्य असते. मुलांच्या बोटांना मोडेल या भीतीने ते बंद ठेवले जाते. आमचे नम्र सांगणे एवढेच : ते कापड दूर करावे. वाद्य मोडले तर दुरुस्त होईल. न शिकलेल्या पिढीची दुरुस्ती कोण करणार?